पाण्यामागून चाललेली सहल : खडकी ते औरंगाबाद



दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली की वर्गावर्गांतून एकच विषय निघतो, तो सहलीचा. बस ठरते, वर्गणी ठरते आणि एका दिवसात आठ ठिकाणे असा भरगच्च बेत आखला जातो. मुले परत आल्यावर "काय पाहिले?" असे विचारावे, तर "मकबरा पाहिला, किल्ला पाहिला" यापलीकडे उत्तर येत नाही. हा दोष मुलांचा नव्हे. जुनी इमारत आपण होऊन बोलत नाही, तिला प्रश्न विचारावा लागतो. म्हणून सहलीची आखणी ठिकाणांच्या यादीपासून न करता एखाद्या प्रश्नापासून करावी, हे या लेखात सांगावयाचे आहे. उदाहरणासाठी आपण आपल्या शाळांच्या नेहमीच्या सहलीचे औरंगाबाद हे शहर घेऊ. २०२३ साली त्याचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. आपला प्रश्न साधा आहे : या शहराने चारशे वर्षांपूर्वी पाणी कोठून आणले?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिला भेटतो तो मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्यावर हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मलेला हा मुलगा बालपणीच गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान आणि बगदाद या मार्गाने तो दक्षिणेत पोहोचला आणि निजामशाहीचा वजीर चंगेजखान याच्या पदरी राहिला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. पण अंबरने राजघराण्यातील मुर्तझा याला गादीवर बसवले आणि स्वतः कारभार हाती घेऊन मृत्यूपर्यंत, म्हणजे १६२६ पर्यंत मोगलांशी झुंज दिली. गनिमी काव्याच्या या लढाईत मराठे सरदार त्याच्या बरोबर होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजेही त्याच्या बाजूने लढले.

परंतु विद्यार्थी मित्रहो, या पुरुषाची थोरवी केवळ लढायांत शोधू नका. १६१० च्या सुमारास त्याने खडकी या गावी राजधानी वसवली. गावाच्या नावातच खडक आहे. अशा जागी हजारो माणसांची वस्ती करावयाची तर पहिली अडचण पाण्याची. अंबरने उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूच्या डोंगराळ भागाकडे पाहिले. पावसाचे जे पाणी जमिनीत मुरते ते भूगर्भातच अडवून, बांधीव भुयारातून आणि खापरी नळांतून, केवळ उताराच्या बळावर त्याने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. जागोजागी आत उतरून गाळ काढण्यासाठी तोंडे ठेवली होती. नळातील हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा दाब आटोक्यात राहावा म्हणून उंच मनोरे बांधले होते, त्यांना बंबे म्हणत. ना मोट, ना बैल, ना इंजिन! पुढे याच धर्तीवर शहरात आणखी अनेक नहरी झाल्या.

याच काळात मोगलांचा सेनानी अब्दुर्रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत बुऱ्हाणपूर येथे १६१५ साली अशीच भूमिगत पाणीयोजना तयार झाली. खानखाना आणि अंबर हे रणांगणातले वैरी. पण तहानलेल्या रयतेची अडचण दोघांपुढे एकच होती आणि दोघांकडे तिचे उत्तरही एकाच जातीचे होते. इतिहासाच्या पुस्तकात लढाया वेगवेगळ्या पानांवर छापलेल्या असतात, त्यामुळे असा धागा सहसा नजरेस येत नाही. तो दाखवणे हे शिक्षकाचे काम आहे.

आता प्रत्यक्ष दिवस कसा आखावा ते पाहू. सकाळी उत्तरेच्या दिल्ली दरवाजाशी उतरावे. डोंगर कोणत्या दिशेला आणि जमिनीचा उतार कोणत्या बाजूला, हे मुलांनी स्वतः ठरवून वहीत छोटा नकाशा काढावा. नंतर भडकल दरवाजा पाहावा. मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून अंबरने तो १६१२ साली उभारला. खडकीचे १६२६ मध्ये फतेहनगर आणि १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद कसे झाले, ही हकिकत येथेच सांगावी.

तेथून पाणचक्कीवर जावे आणि घाई न करता किमान दीड तास थांबावे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील ही चक्की अठराव्या शतकातील. डोंगरातून नहरीने आलेले पाणी येथे उंच भिंतीवरून हौदात कोसळते, आणि या पाण्याच्या जोरावर जाते फिरून फकीर, यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्यासाठी पीठ दळले जाई. मुलांना विचारावे : पाणी तर खाली वाहते, मग ते भिंतीच्या माथ्यावर चढले कसे? उत्तर लगेच देऊ नये. शाळेत आधी एक प्रयोग करून ठेवावा. गवंडी पातळी पाहण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात ती घेऊन तिच्यात पाणी भरावे. एक टोक वर नेले तरी दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीला येते. ज्याने ही नळी पाहिली आहे त्याला भिंतीचे कोडे तेथल्या तेथे सुटते. मग खालच्या दालनात उतरावे. वरच्या हौदाचा तळ हेच या दालनाचे छत आहे, हे कळल्यावर मुले मान वर करून पाहतच राहतात.

दुपारनंतर मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम हिची ही कबर १६६० च्या सुमारास पूर्ण झाली. शिल्पकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे तेथे कोरलेली आहेत, ती शोधावयास सांगावीत. बागेतील कारंजी आणि पाट पाहिले म्हणजे आपला पाण्याचा प्रश्न येथेही बरोबर आला आहे हे ध्यानात येईल. दुसरा दिवस असेल तर दौलताबादच्या किल्ल्यातील प्रचंड हौद आणि खुलताबादेतील मलिक अंबरची कबर, एवढेच पुरे. वेरूळ जोडावयाचे असेल तर तेथील लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

व्यवस्थेविषयी थोडेसे. शिक्षकांनी मार्ग आधी एकदा स्वतः चालून पाहावा. दहा-दहा मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक प्रश्न आणि एक वही द्यावी. पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि पालकांचे संमतिपत्र यांत हयगय नको. परत आल्यावर आठ दिवसांत प्रत्येक गटाने शाळेच्या भिंतीवर आपला नकाशा लावावा.

पालकांना दोन गोष्टींची विनंती आहे. वर्गणी एकदम देणे जड जात असेल तर जूनपासून दरमहा थोडी थोडी जमा करण्याची सोय शाळेकडे मागावी, त्यात कमीपणा नाही. आणि मुलाला पाठवून मुलीला घरी ठेवू नये. शिक्षिका बरोबर असाव्यात, रात्रीच्या मुक्कामाची जागा आधी कळावी, हे विचारण्याचा आपणास पूर्ण हक्क आहे. हे विचारून घ्यावे, परंतु नंतर तिला पाठवावे. घरातले पाणी बहुधा तीच भरते. अंबरच्या नहरीचे मोल तिच्याइतके कोणाला कळणार?

शेवटी एक चिंतेची गोष्ट. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचे पाणी आज या शहराला मिळते, पण ते खालून वर विजेच्या पंपांनी चढवावे लागते. आणि उतारावर आपोआप वाहणाऱ्या नहरी मात्र रस्त्यांखाली, पायांखाली, घरांखाली फुटत आणि बुजत चालल्या आहेत. जमिनीवरची इमारत पडली तर दिसते, जमिनीखालची नहर बुजली तर कोणालाच कळत नाही. ती कोठून जाते हे ज्याने एकदा पायी चालून पाहिले आहे, तोच उद्या तिच्यावर कुदळ पडताना हात वर करील. असे चाळीस साक्षीदार दरवर्षी तयार करणे आपल्या प्रत्येक शाळेला शक्य आहे. यंदाची सहल ठरवताना प्रथम बसचे भाडे विचारू नका. कोणता प्रश्न घेऊन जावयाचे, ते प्रथम विचारा.