डेंटल इम्प्लांट : पृष्ठभाग कसा असतो आणि हाड धरेपर्यंत काय जपावे?

इम्प्लांट म्हणजे पडलेल्या दाताच्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. "बसवला त्याच दिवशी घट्ट आहे, मग दात लावायला दोन-तीन महिने का?" असा प्रश्न बहुतेक रुग्ण विचारतात. याचे उत्तर हाड कसे भरून येते यात आहे.

घट्टपणा दोन प्रकारचा

पहिल्या दिवशीचा घट्टपणा यांत्रिक असतो. लाकडात स्क्रू बसावा तसे इम्प्लांटचे आटे हाडात रुततात. पुढे शरीर आट्यांभोवतीचे दाबलेले जुने हाड काढून तेथे नवे हाड तयार करते. हे नवे हाड टायटॅनियमला थेट चिकटते आणि कायमचा आधार देते.

जुना आधार कमी होत असतो आणि नवा अजून पुरेसा तयार झालेला नसतो, असा एक काळ मधे येतो. साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात इम्प्लांट सर्वांत नाजूक असते. याच सुमारास दुखणे थांबलेले असते आणि रुग्ण त्या बाजूने चावू लागतो. म्हणून हा काळ विशेष जपायचा.

पृष्ठभागावरील प्रक्रियेने काय होते?

स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्या काळच्या गुळगुळीत इम्प्लांटवर दात लावण्यापूर्वी खालच्या जबड्यात सुमारे तीन आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबत. वरच्या जबड्याचे हाड जास्त सच्छिद्र असते.

आज बहुतेक इम्प्लांटवर कठीण बारीक कणांचा मारा करून नंतर आम्लाची प्रक्रिया करतात. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा येतो. रक्ताची गुठळी त्याला चांगली धरते आणि हाडाच्या पेशी थेट त्यावर काम सुरू करतात. काही इम्प्लांटचा पृष्ठभाग पाणी ओढून घेणारा केलेला असतो; त्यावर रक्त लगेच पसरते. परिणामी नवे हाड लवकर येते आणि नाजूक काळ कमी होतो. हाड चांगले असल्यास सहा ते आठ आठवड्यांतही दात लावता येतो.

मात्र हाडच ठिसूळ किंवा कमी असेल, तर कोणताही पृष्ठभाग पहिल्या दिवसाचा घट्टपणा देऊ शकत नाही. शिवाय हिरडी खाली सरकून खडबडीत भाग उघडा पडला, तर त्यावर कीटण लवकर साचते. म्हणून स्वच्छता आयुष्यभर ठेवावी लागते.

डॉक्टर घट्टपणा कसा मोजतात?

एका छोट्या उपकरणाने इम्प्लांटची कंपने मोजतात. त्या आकड्याला आयएसक्यू म्हणतात; तो १ ते १०० असतो. ७० च्या वर असेल तर घट्टपणा चांगला, ६० च्या खाली असेल तर थांबणे योग्य. एका आकड्यापेक्षा तो वाढतो आहे की घटतो आहे, हे जास्त महत्त्वाचे.

तुम्ही काय करावे?

- डॉक्टर सांगेपर्यंत त्या बाजूने चावू नका. खिचडी, मऊ भात, उपमा चालेल. चिक्की, ऊस, कडक भाकरी नको.
- सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री पूर्ण बंद ठेवा.
- मधुमेह असल्यास साखर नियंत्रणात ठेवा.
- हाडांच्या ठिसूळपणासाठी अलेन्ड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड घेतले असेल, तर शस्त्रक्रियेपूर्वीच सांगा.
- इम्प्लांटची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक लिहून घ्या.

इम्प्लांट हलल्यासारखे वाटले, पू आला, तीन दिवसांनंतर दुखणे वाढले किंवा भूल उतरल्यावरही ओठ बधिर राहिला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दंतवैद्यांना दाखवा.

तळवली, घणसोली, रबाळे परिसरातील रुग्णांना दुसरे मत हवे असल्यास नेरूळमध्ये डी. वाय. पाटील आणि तेरणा ही दंत महाविद्यालये आहेत. जाताना एक्स-रे किंवा स्कॅन सोबत न्या. "कोणता पृष्ठभाग?" याबरोबरच "माझे हाड कसे आहे आणि मला किती आठवडे थांबायचे?" हेही विचारा.