पायीं चालणारी शाळा



परीक्षा आटोपून सुटीचे दिवस जवळ आले, कीं शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. कोठें जावयाचें, खर्च किती येईल, मुलांची जबाबदारी कोण घेईल, आणि एवढें करून त्यांत शिक्षण तें काय होणार, असे प्रश्न पालक विचारतात. ते प्रश्न रास्तच आहेत. जवळजवळ दोनशें वर्षांपूर्वीं जिनीव्हा शहरांतील एका शिक्षकानें त्यांचें उत्तर आपल्या आचरणानें दिलें. त्याचीच कथा मी आज सांगणार आहें.

रोडॉल्फ टोप्फर यांचा जन्म १७९९ सालीं झाला. वडील नांवाजलेले चित्रकार. मुलाचाही ओढा चित्रकलेकडेच. परंतु तारुण्यांतच डोळ्यांच्या विकारानें ती वाट बंद झाली. हातांत कला आहे, मनांत हौस आहे, आणि दृष्टि साथ देत नाहीं, याहून मोठें दुःख चित्रकाराच्या मुलाला कोणतें असणार? टोप्फर शिक्षक झाले. विशींतच त्यांनीं मुलांसाठीं निवासी शाळा काढली, आणि १८३२ सालीं तेथील अकादमींत ते साहित्याचे अध्यापक झाले.

सुटींत ते विद्यार्थ्यांना घेऊन आल्प्स पर्वतांत निघत. पाठीवर पिशवी, हातांत काठी, आणि मुख्य भिस्त पायांवर! प्रसंगीं गाडी किंवा नाव मिळे. पण स्वित्झर्लंडच्या भूमीवर आगगाडी आली ती १८४४ सालीं, म्हणजे या सहली संपल्यानंतर. टोप्फर यांच्या पत्नीही बरोबर असत. परक्यांचीं मुलें घेऊन डोंगर ओलांडणाऱ्याला अशी सोबत केवढा आधार वाटत असेल!

या सहली खऱ्या अर्थानें परदेशच्या होत्या. जिनीव्हा १८१५ सालीं स्विस संघांत आलें. पण वेशीबाहेर थोडें चाललें, कीं सव्हॉयचा मुलूख लागे, आणि तेथें सार्डिनियाच्या राजाचा अंमल होता. पुढें इटलींत उतरावें, तर मिलान आणि व्हेनिस येथें ऑस्ट्रियाचें राज्य. नकाशावरील रेघ म्हणजे काय, हें मुलांना पुस्तकाविनाच कळे.

१८३३ सालीं ही मंडळी ग्रांद शार्त्रज येथील मठाला गेली. त्या मठाची स्थापना १०८४ सालची. १८४१ सालीं त्यांनीं व्हेनिस गांठलें. हजार वर्षांचें तेथील प्रजासत्ताक १७९७ सालीं नेपोलियनपुढें कोसळलें होतें. त्याला तेव्हां अवघीं ४४ वर्षें झालीं होतीं. तें राज्य डोळ्यांनीं पाहिलेलीं वृद्ध माणसें अद्यापि त्या गल्ल्यांतून वावरत असणार. मुलांच्या दृष्टीनें तो इतिहास केवळ सनावळ्यांचा उरला नाहीं.

१८४२ सालीं माँ ब्लाँ पर्वताची प्रदक्षिणा झाली. त्या वाटेवरील सेन्य नांवाची खिंड आठ हजार फुटांहून उंच आहे. आपलें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फुटांचें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तिच्या उंचीची कल्पना येईल. अशा ठिकाणीं धुकें उतरलें, तर पुढें जावें कीं परतावें, हा निर्णय एकट्या शिक्षकाचा असतो. चपळ मुलांच्या पावलांनीं चालून भागत नाहीं. सर्वांत दमलेल्या मुलाच्या पावलांनीं साऱ्या मेळ्याला चालावें लागतें. शाळेच्या चार भिंतींत हा धडा कोण शिकवूं शकेल?

पुढें आजारानें त्यांना गांठलें, आणि १८४६ सालीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, ते निवर्तले. मात्र त्यांच्या सहली त्यांच्याबरोबर संपल्या नाहींत. घरीं परतल्यावर ते प्रवासाची हकीगत लिहीत आणि बाजूला लेखणीनें चित्रें काढीत. आरंभीं त्यांच्या मोजक्याच शिळाछाप प्रती निघाल्या. १८४४ सालीं ‘नागमोडी प्रवास’ अशा अर्थाच्या नांवानें त्यांचा ग्रंथ पॅरिसमध्यें प्रसिद्ध झाला. त्यांच्या विनोदी चित्रकथांवर तर वृद्ध गटेही खूष झाला होता, आणि आज त्यांना चित्रकथेचे जनक मानतात. रंगांची वाट ज्याला बंद झाली, त्यानें साध्या रेघेंतून नवी वाट काढली!

टोप्फर यांच्या काळीं त्या पर्वताभोंवतीं दोन राज्यें होतीं. १८६० सालीं सव्हॉय फ्रान्सकडे गेला, पुढें इटलीचें राज्य झालें, आणि आज तीच वाट तीन देशांतून जाते. राज्यांच्या सीमा सरकल्या. खिंडी होत्या तेथेंच आहेत. पालकांनीं विचारलेल्या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मला यांत दिसतें. वाचलेला इतिहास कालांतरानें विसरतो. परंतु पायांनीं ओलांडलेली सीमा आणि दमलेल्या सोबत्यासाठीं वाटेंत थांबलेली घटका जन्मभर स्मरणांत राहते.