बिदरचे दोन कागद

बिदर म्हटले की मराठी भाविकाच्या मनात प्रथम दामाजीपंतांची कथा उभी राहते. भर दुष्काळात मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारांतील धान्य त्यांनी भुकेल्यांकडून लुटविले. पुढे बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा विठू महाराच्या रूपाने पांडुरंगाने बिदरच्या दरबारात सारी रक्कम भरून पावती घेतली, असे आपण कीर्तनांतून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या पावतीचे गाव एकदा डोळ्यांनी पाहावे, या इच्छेने आम्ही एक दिवस बिदरला काढला.

सकाळी किल्ल्यात गेलो. अहमदशहा बहमनीने (कारकीर्द १४२२ ते १४३६) गुलबर्ग्याची, म्हणजे आजच्या कलबुर्गीची, राजधानी येथे आणली. तांबड्या जांभ्या खडकातून कोरून काढलेला तिहेरी खंदक पाहताच या स्थळाचे सामर्थ्य ध्यानी येते. रंगीन महालात काळ्या दगडात बसविलेले शिंपल्याचे नक्षीकाम अजून चमकते. ते पुढील काळातील, अली बरीदच्या अमदानीतील होय. किल्ल्यातील वस्तुसंग्रहालयात जुन्या मूर्ती व शस्त्रे पाहिली. परंतु तख्तमहालाच्या ओसाड चौकात आम्ही अधिक वेळ थांबलो. कांबळे पांघरलेला, हाती काठी घेतलेला विठू याच दरबारी थाटात मोहरांची थैली घेऊन उभा राहिला असेल, असे चित्र सहजच मनात आले.

दुपारी गावातील एका खाणावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, तुरीचे घट्ट वरण, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या पंक्तीत कानडी, मराठी व दखनी उर्दू या तिन्ही भाषा एकाच गप्पांत मिसळत होत्या. दामाजींनी ज्यासाठी प्राण पणाला लावला ते हेच धान्य, या विचाराने भाकरीचा घास निराळाच लागला.

जेवणानंतर महमूद गावानाची मदरसा पाहावयास गेलो. इराणातील गिलान प्रांतातून आलेला हा व्यापारी बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याने १४७२ मध्ये ही तीनमजली पाठशाळा बांधली. तिच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती, असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस इमारतीचा बराच भाग उद्ध्वस्त झाला. आज एकच मनोरा उभा असून त्यावर निळ्या-हिरव्या कौलांचे तुकडे कोठे कोठे टिकून आहेत.

या गावानाचा अंत इतिहासकार फेरिश्त्याने सांगितला आहे. त्याच्या सुधारणांनी दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या शिक्काधारी सेवकाला वश करून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला व त्यावर ओरिसाच्या राजाला चढाईचे आमंत्रण लिहिले. तो कागद सुलतान तिसऱ्या महंमदशहापुढे आला. शिक्का माझा, पण पत्र माझे नव्हे, असे वृद्ध वजीर सांगत राहिला. चौकशी न होताच ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. पुढे त्याची खासगी संपत्ती शोधली, तेव्हा फारसे काही निघाले नाही. मिळकत तो दानधर्मात खर्च करीत असे. वर्षभरात सुलतानही वारला आणि पुढील काही दशकांत राज्याची पाच शकले झाली.

एकाच दरबाराच्या दोन सेवकांच्या कथेत असे दोन कागद आहेत. एका कागदाने दामाजींस तारिले, दुसऱ्याने गावानास मारिले. पहिला भक्तिकथेत आहे. महिपतीबुवांनी १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त ती आपणांस वाचावयास मिळते. दुसरा इतिहासग्रंथात आहे. म्हणून पहिल्यास केवळ कल्पना म्हणून बाजूस सारावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जेथे वजिराचा जीव एका न तपासलेल्या कागदाने जाऊ शके, तेथे मंगळवेढ्याच्या अंमलदारास न्यायाची आशा ती कितीशी असणार? रयतेला हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच तिच्या कथेत देवालाही नुसता चमत्कार करून भागले नाही. त्याला सरकारात रक्कम मोजावी लागली आणि शिक्क्याची पावती घ्यावी लागली. राज्यकारभाराची इतकी नेमकी आठवण लोकांनी कथेत जपली आहे.

आणखी एक गोष्ट. गावान मुसलमान व परदेशी, तरी त्याची हानी दख्खनचीच हानी ठरली. मावळतीस आम्ही अष्टूरला गेलो. तेथे अहमदशहाच्या कबरीवरील वार्षिक उत्सवास कलबुर्गीकडील जंगम आपल्या शिष्यांसह येतात आणि हिंदू भाविक त्या सुलतानास अल्लमप्रभू मानून वंदन करतात. या मातीने आपपरभाव फारसा ठेविलेला नाही; आपणही तो का ठेवावा?

यापुढे दामाजींच्या आख्यानात पावतीचा प्रसंग येईल, तेव्हा ज्याच्यासाठी कोणी पावती घेऊन आले नाही, त्या वृद्ध वजिराचेही स्मरण आम्हांस झाल्यावाचून राहणार नाही.