ताप, शाप आणि ऐकणं

देवळाली कॅम्पच्या नावावरून इंग्रजीत वेडाला एक शब्द मिळाला: ‘डूलाली’, म्हणजे डोकं फिरलेला. मूळ प्रयोग ‘डूलाली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. ब्रिटिश काळात मुदत संपलेले गोरे शिपाई इथल्या छावणीत जहाजाची वाट पाहत. जहाजं सुटायची हिवाळ्याच्या हंगामात. तो हुकला की महिनोन्‌महिने रिकामपण, उकाडा आणि हिवताप. त्यात कित्येक जण सैरभैर झाले.

ताप आणि वेड ही जोडी बायबलमध्येही भेटते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात देवाची आज्ञा मोडण्याचे परिणाम सांगितले आहेत. २२व्या वचनात ज्वर येतो, २८व्यात वेड. अध्यायाची वचनं ६८; त्यातली पहिली १४ आशीर्वादांची, उरलेली ५४ शापांची. वाचताना धडकी भरते.

पण या साऱ्याचा आधार एकच क्रियापद आहे. पहिल्या वचनात ‘ऐकलंस तर’, पंधराव्यात ‘ऐकलं नाहीस तर’. हिब्रूतल्या ‘शमा’ या धातूत कानांनी ऐकणं आणि मानणं दोन्ही सामावतं. मराठीला हे वेगळं शिकवावं लागत नाही: ‘पोरगं आईचं ऐकत नाही’ यात कानांचा दोष कुणी धरत नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ‘शमा’ ही प्रार्थना याच क्रियापदाने सुरू होते. संस्कृतातही तसंच घडलं. ‘शुश्रूषा’ म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. तिची झाली गुरूची सेवा, आणि मराठीत आजाऱ्याची देखभाल.

देवळालीतल्या तापकऱ्यालाही शुश्रूषाच हवी होती. ताप आला, म्हणजे यानं काहीतरी पाप केलं असणार, हा उलटा हिशेब मला क्रूर वाटतो, आणि बायबललाही तो मान्य नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र तसा हिशेब मांडतात, तेव्हा देव त्यांच्यावरच कोपतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाविषयी शिष्य तेच विचारतात. येशू म्हणतो, पाप ना याचं, ना याच्या आईबापांचं.

मग काय ऐकायचं होतं? त्यासाठी एक अध्याय मागे जावं. २७व्या अध्यायात शापित कोण ते स्पष्ट सांगितलं आहे: आंधळ्याला वाट चुकवणारा, परका, अनाथ आणि विधवा यांचा न्याय बुडवणारा, शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणारा. या शेवटच्या गुन्ह्याला आपले शेतकरी बांध कोरणं म्हणतात.