मावळातील घरगुती फोटो : काचेपासून स्कॅनपर्यंत

तळेगाव दाभाडे आणि आसपासच्या मावळात फोटो आला तो रेल्वेच्या मागोमाग. 1858 मध्ये पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली आणि 1863 मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन मुंबई–पुणे सलग जोडले गेले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 सालीच स्थापन झाली होती. शतकाच्या उत्तरार्धात कार्ले-भाजे येथील लेण्यांचे फोटो निघू लागले. पण ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि अभ्यासकांच्या कामाचे होते. मावळातल्या माणसाला स्वतःचा फोटो हवा असेल, तर गाडीत बसून पुण्याचा किंवा मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागे. म्हणून तळेगावच्या जुन्या घरांत सापडणाऱ्या सर्वांत जुन्या फोटोंच्या पुठ्ठ्यावर बहुधा बाहेरगावच्या स्टुडिओचे नाव असते.

हे पहिले फोटो काचेच्या प्लेटवर घेतलेले असत. काचेला रसायनाचा थर दिलेला असे, त्यावर निगेटिव्ह उमटे आणि तिच्यावरून कागदी प्रत काढून ती जाड पुठ्ठ्यावर डकवत. साधारण 11 बाय 16 सेंटिमीटरच्या अशा पुठ्ठ्याला कॅबिनेट साइझ म्हणत. पुढे कार्डे गेली तरी स्टुडिओवाल्यांच्या बोलीत हा शब्द राहिला. प्रकाश कमी पडे, म्हणून माणसांना काही क्षण हलू न देता बसवावे लागे. या फोटोंतले चेहरे ताठ दिसतात, त्यामागे करारी स्वभावापेक्षा हे कारण मोठे आहे. खर्चही मोठा, त्यामुळे फोटो निघे तो सरदार, सावकार, वकील आणि सरकारी नोकरदारांच्या घरात. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, ही समजूतही बराच काळ होती. परिणामी अनेक घराण्यांत पणजोबांचा फोटो मिळतो आणि पणजीचा मिळत नाही. ही उणीव कोणत्याही यंत्राने भरून निघणारी नाही.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मात्र मावळ स्वतःच चित्रांचा मुलूख बनला. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछाप कारखाना प्लेगच्या वर्षांत शहराबाहेर निघाला आणि लोणावळ्याजवळ मळवलीला आला. काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. लक्ष्मी, सरस्वती, दत्त, राम-पंचायतन यांची रंगीत चित्रे येथून देशभर गेली. याच कारखान्यासाठी फोटोवरून छपाईचे ठसे बनवण्याचे काम धुंडिराज गोविंद फाळके करीत होते. गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय आणि पुरातत्त्व खात्यात नोकरी करून झाल्यावर त्यांनी लोणावळ्यात ‘फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ काढले. तीन रंगांच्या ठशांची छपाईही त्यांनी तेथेच सुरू केली. पुढे छापखाना दादरला हलला आणि 1913 साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

मळवलीच्या कारखान्याला 1972 मध्ये आग लागली आणि जुन्या छपाईचा मोठा ठेवा त्यात गेला. तरीही ती चित्रे नष्ट झाली नाहीत, कारण तोवर त्यांच्या असंख्य प्रती घराघरांत, देव्हाऱ्यांत आणि दुकानांत पोचलेल्या होत्या. ‘राजा हरिश्चंद्र’चे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते. चार रिळांच्या त्या चित्रपटातले पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरले आहे. ज्या चित्राच्या प्रती अनेक ठिकाणी असतात ते टिकते आणि ज्याची एकच प्रत एका ट्रंकेत असते ते एका पावसाळ्यातही जाऊ शकते. घरगुती फोटोंच्या बाबतीत हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि कमी खर्चाच्या स्कॅनिंगचे खरे मोलही त्यातच आहे.

1908 सालाच्या सुमारास तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा जमवण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय कारखान्याच्या उभारणीसाठी आले. फोटोच्या प्लेटी येथे होत नसत, त्या परदेशातून येत. पण मोठे काम छोट्या वर्गणीतून उभे करण्याचा धडा या गावाने तेव्हाच घेतला होता.

घरात फोटो कुठे लावायचा, याचेही संकेत ठरत गेले. माजघरात किंवा ओटीवर छताजवळ, भिंतीपासून किंचित पुढे झुकलेली चौकटींची रांग असे : आधी देवांची चित्रे, मग पूर्वज, मग मुंजीचा नाहीतर शाळेचा ग्रुप फोटो. डोहाळजेवणाला चंद्रकोरीवर किंवा होडीत बसवून फोटो काढण्याची हौस आली. लग्नाच्या बोलणीत पत्रिकेबरोबर मुलीचा फोटो जाऊ लागला. घरात कोणी गेले की हार घालण्यासाठी मोठा फोटो लागे आणि तो बहुधा नसे. मग एखाद्या ग्रुप फोटोतून तेवढाच चेहरा उचलून स्टुडिओवाला एन्लार्जमेंट करून देई. फोटोचा फोटो घ्यायचा, नवी निगेटिव्ह बनवायची, तिच्यावर पेन्सिलीने रिटचिंग करायचे आणि कपाळाचे कुंकू किंवा फेट्याचा काठ ब्रशने रंगवायचा, असे ते काम चाले. आज ज्याला डिजिटायझेशन म्हणतात त्याचा हा थेट पूर्वज आहे. अनेक घरांत मूळ ग्रुप फोटो हरवला आहे आणि अशी रंगवलेली प्रतच हाती आहे.

स्वातंत्र्यानंतर कॅमेरा स्टुडिओतून घरात आला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री हा मध्यमवर्गाचा कॅमेरा ठरला. 120 नंबरच्या एका रोलवर 6 बाय 6 सेंटिमीटरचे बारा चौकोनी फोटो निघत. परदेशी मालाच्या आयातीवर बंधने होती, रोल महाग पडे आणि प्रत्येक खटक्याचा हिशोब असे. उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना 1960 मध्ये स्थापन झाला. तेथे 1967 पासून ‘इंदू’ या नावाने फिल्म आणि ब्रोमाइड कागद तयार होऊ लागला. याच काळात तळेगावला राहणारे गो. नी. दांडेकर सह्याद्रीतल्या गडांवर कॅमेरा घेऊन हिंडत होते. ‘गोनीदांची दुर्गचित्रे’ या पुस्तकामुळे त्यांचे फोटो आज सर्वांसाठी खुले आहेत. क्लिक थ्रीच्या रोलवरून पैसे वाचवण्यासाठी अनेकदा निगेटिव्हएवढीच प्रत काढत. पांढरी किनार असलेल्या त्या छोट्या चौकोनात विहिरीच्या काठावरची आजी नखाएवढी दिसते. पण तीच निगेटिव्ह नीट स्कॅन केली, तर तिच्या हातातल्या बांगड्या मोजता येतात.

1980 च्या दशकात कलर लॅब आल्या, 35 मिलिमीटरचे रोल आले आणि 4 बाय 6 इंचांची ‘मॅक्सी’ प्रत रूढ झाली. आज स्कॅनिंगला बसले की बहुतेक घरांत आधी आजोबांचा कृष्णधवल फोटो स्कॅन करतात. क्रम खरे तर उलटा हवा. कृष्णधवल फोटोत चांदीचे कण असतात. ते नीट धुतलेले असतील, तर शंभर वर्षे तग धरतात. रंगीत प्रत सेंद्रिय रंगांची असते. ऐंशीच्या दशकातल्या लग्नाच्या अल्बमांत निळा-हिरवा अंश आधी उडतो आणि सगळे वऱ्हाड तांबूस होऊन जाते. त्यात अल्बम चिकट पानांचे असतील, तर गोंद पिवळा पडून फोटोला धरून बसतो. असा फोटो ओढू नये. पातळ गुळगुळीत दोरा त्याच्याखालून हळूहळू सरकवत तो सोडवावा, आणि सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करावा.

मावळात फोटोंचा मोठा शत्रू पाऊस. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगावात तो बराच कमी असला, तरी चार महिने हवा ओलसरच असते. फोटोवरचा जिलेटिनचा थर ही ओल शोषतो, त्यावर बुरशी येते आणि चौकटीतला फोटो काचेला चिकटतो. अशी चौकट उघडून फोटो खेचला, तर चेहरा काचेवर राहतो आणि हाती कोरा कागद येतो. शिवाय कसर आहे, गळके छप्पर आहे, वाडा पाडून फ्लॅटमध्ये जाताना माळ्यावरून थेट भंगारात गेलेली ट्रंक आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतल्या असंख्य घरांचे कागदपत्र आणि फोटो वाहून गेले. अशा वेळी परगावच्या नातलगाकडे गेलेली प्रत हाच एक आधार असतो.

चित्राचे आकड्यांत रूपांतर करण्याची सुरुवातही घरगुती फोटोनेच झाली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेत 1957 मध्ये रसेल कर्श यांनी संगणकाला जोडलेल्या ढोलासारख्या यंत्रावर आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन केला. पाच सेंटिमीटरचा चौकोन, दोन्ही बाजूंना 176 ठिपके. आज साधा फ्लॅटबेड स्कॅनर पाच-सात हजार रुपयांत मिळतो आणि भावकीतल्या पाच घरांनी वर्गणी काढली, तर तो कोणालाच जड जात नाही. यूएसबीवर चालणारे पातळ आणि स्वस्त स्कॅनर काचेला टेकलेलीच वस्तू स्पष्ट टिपतात. सपाट फोटोंना ते उत्तम. वाकलेल्या पुठ्ठ्याला किंवा चौकटीतल्या फोटोला निरुपयोगी.

मॅक्सी प्रत 600 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 600 ठिपके, स्कॅन केली की 2400 बाय 3600 ठिपके मिळतात आणि एवढे पुरे. पासपोर्ट साइझला किंवा क्लिक थ्रीच्या छोट्या प्रतीला 1200 ठेवावे. त्यापुढे जाण्यात लाभ नाही, कारण कागदी प्रतीत तेवढा तपशील मुळातच नसतो. निगेटिव्ह मिळाली तर प्रतीपेक्षा तिला पसंती द्यावी. मॅक्सीच्या आकाराची कॉम्प्रेस न केलेली टिफ फाइल सुमारे 26 एमबीची होते. म्हणजे हजार फोटो 32 जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये मावतात. धूळ काढणारी, रंग सुधारणारी स्कॅनरची आपोआप चालणारी सोय बंद ठेवावी. सुधारणा नंतर वेगळ्या प्रतीवर करता येते आणि त्यासाठी गिम्पसारखे फुकट सॉफ्टवेअर आहे.

स्कॅनरही नको असेल, तर मोबाइल आहे. दोन बाजूंना पुस्तकांच्या सारख्या उंचीच्या थप्प्या, त्यांवर फोन आडवा, खाली राखाडी किंवा काळ्या कागदावर फोटो आणि खिडकीतला उजेड बाजूने; ऊन थेट नको, फ्लॅश तर नकोच. चौकटीच्या काचेवर चमक येते तिच्यासाठी गुगलचे फोटोस्कॅन हे फुकट अॅप 2016 पासून आहे. ते एकाच फोटोच्या अनेक टिपणांतून चमक पुसते. काचेला चिकटलेल्या फोटोसाठी हाच सुरक्षित मार्ग. निगेटिव्हसाठी दुसऱ्या फोनचा किंवा टॅबचा पांढरा पडदा प्रकाश म्हणून चालतो, मात्र मध्ये दुधी अॅक्रिलिकचा तुकडा ठेवून थोडे अंतर राखावे, नाहीतर पडद्याचे ठिपकेच उमटतात. काम फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत काढावे. फोटो मऊ कोरड्या ब्रशने झाडावा. पाणी, स्पिरिट, साबण यांच्या वाटेला जाऊ नये.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. तेथे स्टुडिओचा शिक्का असतो, कोणाला तरी लिहिलेल्या दोन ओळी असतात, जुन्या फोटोवर क्वचित मोडीतली टीप असते. तारीख तिथी आणि शकात असेल, तर शकात 78 मिळवून इसवी सन काढावा. शके 1855 चे लग्न म्हणजे 1933-34 चे. फाइलला साल, गाव, प्रसंग आणि माणसे अशा क्रमाने नाव द्यावे. नुसते ‘आत्या’ किंवा ‘काका’ लिहिणे घातक, कारण पुढच्या पिढीला ते कोणाचे काका हे कळत नाही. पूर्ण नाव, माहेरचे नाव आणि नाते लिहावे. या सगळ्या कामात पैशाला खरोखर टंचाई नसते. टंचाई असते ती ओळखणाऱ्या माणसांची. ऐंशी ओलांडलेल्या मावशीसमोर अल्बम ठेवून ती बोलत असताना फोनवर आवाज मुद्रित करून घेणे हे उत्तम स्कॅनरपेक्षा मोलाचे आहे, आणि ते आधी करायला हवे.

चेहरे स्वच्छ करून रंग भरणारी नवी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने जपून वापरावीत. ती अस्पष्ट भागात अंदाजाने नवे डोळे आणि नवे ओठ बसवतात. ज्या पणजीचा जगात एकच धूसर फोटो आहे, तिच्या जागी परकी बाई उभी राहू शकते. अशी प्रत करायचीच तर वेगळ्या नावाने ठेवावी.

तयार झालेल्या फाइली एका पेन ड्राइव्हवर, एका हार्ड डिस्कवर आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावातल्या नातलगाच्या घरी, अशा ठेवाव्यात. स्टुडिओंनी दिलेल्या जुन्या सीडींतल्या फाइली आधी उतरवून घ्याव्यात, कारण त्यांतल्या कित्येक आता उघडत नाहीत. जेपेग प्रती करून घेतल्या, तर हजार फोटो गुगलच्या 15 जीबी फुकट जागेत सहज बसतात. व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, नाहीतर फोटो आक्रसतो. मूळ फोटो टाकून देऊ नयेत. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, मऊ पेन्सिलीने मागे नाव लिहून, भिंतीच्या ओलीपासून आणि जमिनीपासून दूर अशा कपाटात ते ठेवावेत आणि पावसाळा संपला की एकदा उघडून पाहावेत.