संकरित क्युबिट

संकरित क्युबिट : अतिसंवाहक मंडलाला अर्धसंवाहक, ग्राफीन किंवा संस्थितिक पदार्थाची जोड देऊन घडविलेला क्वांटम संगणकाचा मूलघटक. नेहमीच्या अतिसंवाहक क्युबिटमध्ये ॲल्युमिनियमच्या दोन थरांत ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो; ही जोसेफसन संधी. तिचे गुणधर्म घडणीतच ठरून जातात. वारंवारता बदलायची तर दोन संधींचे वेटोळे करून त्यातून चुंबकीय अभिवाह न्यावा लागतो. ऑक्साइडऐवजी अर्धसंवाहक तार किंवा ग्राफीन घातल्यास तेच काम विद्युत् दाबाने साधते. इंडियम आर्सेनाइडच्या तारांवर असे क्युबिट २०१५ मध्ये कोपनहेगन व डेल्फ्ट येथे सिद्ध झाले.

मुंबईतील कार्य : कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. विजयराघवन यांच्या गटाने एकाच मंडलातून तीन क्युबिट मिळविणारा ‘ट्रायमॉन’ रचला. मंदार देशमुख यांचा गट ग्राफीनसारख्या द्विमितीय पदार्थांवर काम करतो. दोघांच्या सहकार्यातून ग्राफीन संधीचा विवर्धक तयार झाला (२०२२). क्युबिटची अवस्था सांगणारा सूक्ष्मतरंग संकेत अवघ्या काही फोटॉनांचा असतो. पहिल्याच विवर्धकाने गोंगाट मिसळला, तर पुढील कोणतेही उपकरण ती माहिती परत आणू शकत नाही. या विवर्धकाने २४ डेसिबल, म्हणजे शक्तीत सुमारे २५० पट, वाढ दिली. पट्टरुंदी १० मेगॅहर्ट्‌झ. केवळ दाब बदलून त्याची वारंवारता ३.५ गिगॅहर्ट्‌झच्या पल्ल्यात सरकते, आणि गोंगाट क्वांटम यामिकीने घातलेल्या किमान मर्यादेपाशी राहतो. क्युबिटांची संख्या मोजण्याच्या उत्साहात क्युबिटच्या अवस्थेच्या वाचनाचा प्रश्न मागे पडतो. म्हणून या प्रयोगाचे मोल विशेष आहे.

याच संस्थेतील, ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेला सहा क्युबिटांचा प्रोसेसर मात्र संकरित नसून शुद्ध अतिसंवाहक आहे. क्युबिट व वलयाकार अनुनादकाची रचना टाटा संस्थेची, नियंत्रण व मापनयंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातील क्वांटम प्रयोगशाळेची आणि क्लाउडवरील दुवा टीसीएसचा.

संस्थितिक शाखा : किताएव्ह यांनी २००१ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात अतिसंवाहक तारेच्या दोन टोकांना मायोराना अवस्था असतात. माहिती दोन्ही टोकांत विभागलेली असल्याने स्थानिक बिघाडाने ती सहज नष्ट होत नाही. हासलर, आखमेरोव्ह व बेनाकर यांनी २०११ मध्ये ही तार ट्रान्समॉन या अतिसंवाहक क्युबिटला जोडून वाचन करण्याची योजना सुचविली. प्रायोगिक पुराव्याबाबत मतभेद आहेत : मायोराना अवस्थांविषयीचा डेल्फ्टचा २०१८ चा निबंध २०२१ मध्ये मागे घेण्यात आला, तर मायक्रोसॉफ्टच्या २०२५ मधील दाव्यावर अनेक तज्ज्ञांनी शंका घेतली.

शीतन : ही मंडले विरलन प्रशीतकात एका केल्व्हिनच्या सुमारे शंभराव्या भागापर्यंत थंड केली जातात.