बुळकांडी ते लम्पी

सप्टेंबर २०२२. कागल पंचतारांकित एमआयडीसीतली नाइट शिफ्ट संपवून घरी आलो, तर गाईच्या अंगावर गाठी. लम्पी! राज्यभर जनावरांचे बाजार आणि ने-आण बंद. कर्नाटकची हद्द इथून हाकेवर. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार खबर देणं पशुपालकाला बंधनकारक. तरी घुटमळलो. कळवलं तर दूध कोण घेईल?

आजी म्हणाली, "लपवू नगं लेकरा. बुळकांडीत लपवूनच गोठंच्या गोठं वस पडलं."

या बुळकांडीसारख्या रोगांसाठीच १८८९ मध्ये पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात, मुक्तेश्वरला गेली. तिथं १९२० च्या दशकात शेळ्यांमध्ये वाढवून विषाणू सौम्य केला, त्याची लस झाली. पुढे गावोगाव लसीकरण, नोंदी, तपासण्या. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला, २०११ मध्ये जग.

लम्पीतही शेळीच कामी आली: गाईंना टोचली ती शेळ्यांच्या देवीची लस.

मी दवाखान्यात फोन केला. आमची गाय वाचली नाही. गल्लीतल्या निरोगी जनावरांना मात्र त्याच आठवड्यात लस मिळाली. कायदा कागदावर असतो. तो सुरू होतो आपल्या गोठ्यातून.